अंगठा, पिन आणि संमतीपत्रातलं एक वाक्य

तुमच्यापैकी ज्यांनी सिनॉप्सिस लिहायला घेतला आहे, त्यांनी आपलं संमतीपत्र समोर काढून ठेवा. त्यात कुठेतरी हे वाक्य हमखास सापडेल: 'आपण दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल.' माझ्याही संमतीपत्रात होतं. विभागातल्या एका सीनिअरच्या प्रबंधातून मी ते उचललं होतं. त्यानं आणखी कुणाच्या तरी उचललं असणार.

माझा विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. पैठण तालुक्यातल्या एका वस्तीवर मुलाखती घेत होते. एका मावशींना संमतीपत्र वाचून दाखवलं. उचल किती घेतली, मुकादमानं हिशेब कसा केला, फडात काय काय सोसावं लागलं, यावर त्या बोलणार होत्या. मी शाईचं पॅड पुढे केलं. अंगठा टेकवायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, हे समदं तुमच्या मोबाईलमदीच ऱ्हानार ना? अन् मोबाईल पोलिसानं नेला तर?"

मी म्हटलं, "कुलूप असतं मावशी त्याला."

"कुलूप तर आमच्या घरालाबी असतंय," त्या म्हणाल्या. आणि तरी अंगठा दिला.

परतीच्या एसटीत लक्षात आलं की मी उत्तर दिलेलंच नाही. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, कायद्याची नाही. पण त्या प्रश्नापायी गेले काही महिने ग्रंथालयात बसून निकाल वाचले. त्यातल्या एका निकालावर, आणि शेवटी आपल्या संमतीपत्रावर, या लेखात टीका करायची आहे. माझं म्हणणं आधीच सांगते: फोनचं कुलूप कशानं उघडलं, बोटानं की आठवणीतल्या पिननं, यावर आपली न्यायालयं वाद घालत बसली आहेत. विचारायला हवं ते हे की कुलूप उघडल्यावर आत काय दिसतं आणि ते कुणाकुणाचं असतं.

कुलूप म्हणजे नेमकं काय

आधी यंत्राचं बघू, कारण कायद्याचा गोंधळ बराचसा इथूनच सुरू होतो.

आजच्या फोनमध्ये माहिती कूटबद्ध करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून साठवलेली असते. ती वाचायला एक किल्ली लागते. ही किल्ली तुमचा पिन आणि फोनच्या चिपमध्ये दडवलेला एक गुप्त आकडा, या दोघांपासून मिळून तयार होते. सहा आकडी पिनच्या शक्यता फक्त १० लाख. संगणकाला त्या काहीच नाहीत. पण प्रत्येक चुकीनंतर चिप पुढचा प्रयत्न लांबवत जाते, म्हणून कुलूप टिकतं. आयफोननं २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीपासून ही किल्ली ग्राहकाच्या पासकोडला बांधली आणि कंपनीलाही बंद फोन उघडता येईनासा झाला. अँड्रॉइडही पुढे त्याच वाटेनं गेलं.

बोटाचा ठसा काय करतो? तो किल्ली तयार करत नाही. पिननं आधीच तयार झालेली किल्ली वापरायची परवानगी तेवढी देतो. म्हणून फोन बंद करून चालू केला की तो आधी पिन मागतो, बोट घेत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. व्हॉट्सअ‍ॅपचं 'एंड टू एंड एन्क्रिप्शन' निरोप वाटेत असताना त्याचं रक्षण करतं. तुमचा फोन उघडून कुणी हातात घेतला, तर तो सगळे निरोप तुमच्यासारखेच वाचतो.

१९६१ सालची एक चिठ्ठी

संविधानाचा अनुच्छेद २० (३) सांगतो की गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. 'साक्षीदार होणं' म्हणजे काय, याचा पाया घालणारा निकाल आपल्याच भागातून गेला आहे: 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड', ४ ऑगस्ट १९६१, ११ न्यायमूर्तींचं खंडपीठ.

खटला खुनाचा होता. पुराव्यात एक चिठ्ठी होती. ती आरोपीच्या हातची आहे असं सरकारी पक्षाचं म्हणणं. ते सिद्ध करायला पोलिसांनी तपासात त्याच्याकडून तीन कागदांवर हस्ताक्षराचे नमुने लिहून घेतले होते. प्रश्न असा की हे नमुने घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं झालं का?

सरन्यायाधीश सिन्हा यांच्या बहुमताच्या निकालानं सांगितलं की नाही. स्वतःला ठाऊक असलेली माहिती तोंडी किंवा लेखी सांगणं म्हणजे साक्षीदार होणं. हस्ताक्षराचा नमुना किंवा बोटांचे ठसे यांत अशी माहिती नसते. ते फक्त ताडून बघण्यासाठी असतात.

'ताडून बघण्यासाठी' हे शब्द अधोरेखित करा. चिठ्ठी आधीच पोलिसांकडे होती. नमुन्यानं नवीन काही उघडलं नाही, दोन कागद शेजारी ठेवता आले एवढंच.

बंगळूरचा निकाल

आता १२ मार्च २०२१ ला या. 'वीरेंद्र खन्ना विरुद्ध कर्नाटक राज्य'. बंगळूरच्या एका अमली पदार्थ प्रकरणातून प्रश्न आला की आरोपीला फोनचा पासवर्ड द्यायला लावता येईल का. न्यायमूर्ती सूरज गोविंदराज यांचा हा एकलपीठाचा निकाल. या विषयावर इतकं तपशीलवार लिहिणारा निकाल आपल्याकडे त्याआधी नव्हता, म्हणून तो वाचायलाच हवा.

त्यात चांगलं बरंच आहे. फोनमधली माहिती बघायची तर साधारणपणे न्यायालयाचं झडती वॉरंट लागेल, तातडी असेल तर कारणं लिहून ठेवावी लागतील, हे त्यानं स्पष्ट केलं. जप्त उपकरण कसं हाताळायचं याच्या पायऱ्या घालून दिल्या. तपासात मिळालेला डेटा न्यायालयाच्या लेखी परवानगीशिवाय तिऱ्हाईताला देता येणार नाही, असंही बजावलं.

पण मूळ प्रश्नावर तो घसरला. निकाल म्हणतो की पासवर्ड, पासकोड किंवा बोट देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. ते ठसा किंवा नमुना देण्यासारखंच आहे. आधार १९६१ चा निकाल.

टीका कशी करायची हे शिकायला ही जागा चांगली आहे, म्हणून जरा थांबू. कुणीही एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीचा निष्कर्ष काढला, की दोन्हींत नेमकं साम्य कुठलं आणि ते युक्तिवादाला पुरतं का, हे तपासायचं. साहित्याचा आढावा लिहितानाही हेच करायचं असतं. नुसती 'अमुक म्हणतात, तमुक म्हणतात' अशी यादी म्हणजे आढावा नव्हे.

इथे साम्य तीन ठिकाणी तुटतं.

पहिलं, नमुना ताडून बघायला असतो, पिन उघडायला असतो. १९६१ मध्ये चिठ्ठी हातात होती आणि नमुना मागितला. इथे हातात बंद डबा आहे आणि पिन मागितला आहे. हस्ताक्षराच्या नमुन्यानं आरोपीच्या घरातलं एक कपाटसुद्धा उघडलं नसतं.

दुसरं, पिन ही डोक्यातली माहिती आहे. एखादा आरोपी म्हणतो, हा फोन माझा नाही. त्याच्याकडून पिन काढून घेतला आणि फोन उघडला, तर फोनवर त्याचा ताबा होता हे त्याच्याच तोंडून सिद्ध झालं. पिन स्वतःहून पुरावा नाही हा निकालाचा बचाव तिथेच लंगडा पडतो.

तिसरं आणि सगळ्यात बोलकं. 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' (५ मे २०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचं मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली, कारण माणसाच्या मनातलं जबरीनं काढणं हीदेखील साक्षीची सक्तीच आहे. वीरेंद्र खन्ना निकालानं हे मान्य करून संमतीशिवायची पॉलिग्राफ चाचणी नाकारली. म्हणजे मनातलं यंत्रानं ओळखायचं नाही, पण मनातला पिन आदेशानं वदवून घ्यायचा. एकाच निकालात हे दोन्ही नीट बसत नाही.

दिल्लीचं उत्तर वेगळं, चूक तीच

२९ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयानं 'सीबीआय विरुद्ध महेश कुमार शर्मा' प्रकरणात उलट भूमिका घेतली. पासवर्ड ही वैयक्तिक माहिती, ती द्यायची सक्ती नाही. पण बोट किंवा चेहरा घेता येईल, कारण त्यात मन वापरावं लागत नाही. त्याच वर्षी ४ ऑगस्टला फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला होता. बोटांचे ठसे, बुबुळाचं स्कॅन वगैरे घेण्याचा अधिकार त्यानं पोलिसांना दिला आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं होतं. मग यंत्र आठवलं. माझा फोन चालू असेल तर बोटानं उघडतो. तोच फोन बंद पडून पुन्हा चालू झाला तर पिन मागतो. आतली माहिती तीच, माणूस तोच, गुन्हाही तोच. मग बॅटरी संपली म्हणून संविधानाचं संरक्षण मिळालं आणि चार्जिंग शिल्लक होतं म्हणून गेलं, असं म्हणायचं का?

बंगळूरनं पिन आणि बोट दोन्हींना ठसा मानलं, दिल्लीनं दोघांत रेघ मारली. दोघांचीही नजर कुलपावर राहिली.

दुसरा प्रश्न आपल्याकडे आधीच आहे

२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात ९ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. यातलं 'प्रमाण' आपल्या कामाचं.

मुंबई उच्च न्यायालयानं ही कसोटी फोनच्याच बाबतीत लावून दाखवली आहे. 'विनीत कुमार विरुद्ध सीबीआय' (२२ ऑक्टोबर २०१९) हे फोन टॅपिंगचं प्रकरण. लाचेच्या तपासात गृह मंत्रालयानं दिलेले तीन टॅपिंग आदेश न्यायालयानं रद्द केले, कारण कायद्याला लागणारी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची अट तिथे पूर्ण होत नव्हती. शिवाय त्या रेकॉर्डिंगच्या नोंदी आणि प्रती नष्ट करायला सांगितलं. 'चुकीनं मिळालं तरी पुरावा तो पुरावा' हे उत्तर न्यायालयानं स्वीकारलं नाही.

कर्नाटकातला निकाल आपल्या उच्च न्यायालयावर, म्हणजे इथल्या औरंगाबाद खंडपीठावरही, बंधनकारक नाही. उद्या हा प्रश्न इथे आला तर बोट की पिन या वादात शिरण्याऐवजी विनीत कुमारची वाट धरता येईल: कुठला गुन्हा, कुठल्या तारखांमधली माहिती, कुणाशी झालेले निरोप, आणि बाकीचं कोण बघणार नाही?

घराच्या झडतीत हे आपोआप होतं. पंच असतात, पंचनामा होतो, तलवार शोधायला आलेला माणूस मिरचीचा डबा उघडत नाही. फोनचं तसं नाही. त्यातलं सगळंच्या सगळं उतरवून घेता येतं. त्यात दहा वर्षांचे फोटो असतात, आईचे दवाखान्याचे कागद असतात, आणि ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही अशा शेकडो माणसांचं बोलणं असतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये 'रायली' खटल्यात हाच फरक धरून अटकेच्या वेळी सापडलेल्या फोनसाठी वेगळं वॉरंट आवश्यक ठरवलं.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, ही खरी सुधारणा आहे. पण कलम १८५ नुसार तपास अधिकारी कारणं लिहून वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. आणि फोन हातात आल्यावर त्यातलं किती बघायचं, कुणाचं बघायचं नाही, याची वेगळी मर्यादा संहितेत नाही.

पोलिसांची अडचण खोटी नाही, हेही लिहायला हवं. ऑनलाइन फसवणूक, ब्लॅकमेल, बायकांचा छळ यांचा पुरावा आज फोनमध्येच असतो. फोन उघडलाच नाही तर तक्रारदार बाईनं काय करायचं? म्हणून 'कधीच उघडू नका' असं मी म्हणत नाही. गुन्ह्यापुरतंच उघडा, आणि मर्यादा तपास अधिकाऱ्यानं नाही तर न्यायाधीशानं ठरवू द्या, एवढंच.

आपण आरोपी नाही, म्हणून जास्त उघडे

आता संशोधकाकडे. अनुच्छेद २० (३) चं कवच आरोपीला आहे. संहितेचं कलम ९४ न्यायालयाला आणि पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला अधिकार देतं की तपासाला आवश्यक कागद किंवा डिजिटल पुरावा असू शकेल असं उपकरण ज्याच्या ताब्यात असेल, त्याला ते हजर करायला सांगावं. १८९८ च्या संहितेतही हे कलम ९४ च होतं. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये 'गुजरात राज्य विरुद्ध श्यामलाल चोक्सी' प्रकरणात ठरवलं की ते आरोपीला लागू होत नाही. साक्षीदाराला मात्र लागू होतं.

म्हणजे उद्या त्या वस्तीवर काही गुन्हा घडला आणि माझ्या रेकॉर्डिंगमध्ये त्याबद्दल काही आहे असं पोलिसांना वाटलं, तर फोन हजर करायचा आदेश त्या मुकादमाला निघणार नाही, मला निघेल. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं भारतीय साक्ष अधिनियमात सुरक्षित आहे. संशोधक आणि मुलाखत देणारी बाई यांच्यातलं नाही.

ही भीती हवेतली नाही. १० सप्टेंबर २०१९ ला भीमा कोरेगाव–एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक हनी बाबू यांच्या नोएडातल्या घराची झडती घेऊन लॅपटॉप, फोन, हार्ड डिस्क नेली. त्याच प्रकरणातल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीनं २०२१ मध्ये अहवाल दिला की त्यात बाहेरून फायली घातल्या होत्या. एनआयएनं तो दावा मानलेला नाही. खटल्याच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पण जप्तीच्या क्षणी हॅश मूल्य का हवं, ते यावरून कळतं. हॅश मूल्य म्हणजे सगळ्या डेटावरून काढलेला एक ठरावीक लांबीचा आकडा. आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात त्याची जागा आहे.

२०२१ मध्ये राम रामस्वामी, सुजाता पटेल, माधव प्रसाद, मुकुल केसवन आणि दीपक मलघन या पाच अभ्यासकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी अशी की अभ्यासकाचं आयुष्यभराचं काम ज्या उपकरणांत असतं, ती जप्त करण्याचे नियम ठरवा. पत्रकारांच्या संघटनेचीही अशीच याचिका आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं सांगितलं की तूर्त सीबीआयच्या मॅन्युअलप्रमाणे चालू. ते आश्वासन केंद्रीय यंत्रणांपुरतं. पैठणचं पोलीस ठाणं त्यात येत नाही.

आणि आपलं विद्यापीठीय शिक्षण? पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिशास्त्राचा २ क्रेडिटचा विषय आहे. त्यात वाङ्मयचौर्य आहे, बनावट जर्नल आहेत, सायटेशनची गणितं आहेत. म्हणजे दुसऱ्या संशोधकाचं वाक्य चोरू नये हे आपल्याला नीट शिकवतात. मुलाखत देणाऱ्या बाईचं वाक्य कुठे ठेवायचं, ते आपलं आपण बघायचं.

ते वाक्य

म्हणून मी संमतीपत्रातलं वाक्य बदललं. आता असं आहे: 'आपलं नाव आणि गाव मी नोंदीत लिहिणार नाही. रेकॉर्डिंग मी स्वतःहून कुणाला ऐकवणार नाही. ते लिहून काढल्यावर ठरलेल्या तारखेला पुसून टाकीन. पण त्याआधी पोलिसांचा किंवा न्यायालयाचा कायदेशीर आदेश आला, तर मला ते द्यावं लागू शकतं.'

कामाची पद्धतही बदलली. रेकॉर्डिंग फोनवर नाही, साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर. लिहून काढलेला मजकूर लॅपटॉपच्या कूटबद्ध फोल्डरमध्ये, नावांची यादी वेगळीकडे. पुसायची तारीख आधीच सिनॉप्सिसमध्ये लिहा, कारण तपासाची चाहूल लागल्यावर पुसलंत तर तो पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ वाचून ठेवा.

नवं वाक्य दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "असं लिहिलंस तर कोण बोलेल तुझ्याशी?" त्यांचं चुकीचं नव्हतं. मी पुन्हा त्या वस्तीवर गेले आणि मावशींना ते वाचून दाखवलं. त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "मुकादमाचं जे सांगितलं, तेवढं काढून टाक."

मी त्यांच्यासमोरच ते पुसलं. तिसऱ्या प्रकरणातला माझा सगळ्यात बळकट भाग त्याबरोबर गेला. बाकीच्या मुलाखतीसाठी त्यांनी नव्या कागदावर पुन्हा अंगठा दिला.

तुमचं संमतीपत्र अजून समोर असेल, तर ते वाक्य एकदा मोठ्यानं वाचा आणि ते पाळता येईल का ते ठरवा.